अनेक विषयांची एक पदवी : मोल किती, मोबदला किती?

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मला जो विषय देण्यात आला आहे, त्याचे नाव जरा जड आहे. आंतरविद्याशाखीय पदवी आणि तिचे आर्थिक मूल्य. नाव जड असले तरी प्रश्न आपल्या घरातलाच आहे. मुलगा किंवा मुलगी बारावी होते, कॉलेजात प्रवेश घ्यायला जाते आणि घरी येऊन सांगते, “अब्बा, मी अर्थशास्त्र घेणार, त्याच्याबरोबर संगणक घेणार आणि मानसशास्त्रही घेणार.” वडील विचारतात, “बेटा, मग तू होणार कोण?” या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नसते आणि वडिलांचे समाधान होत नाही. आपल्या समाजाला डॉक्टर समजतो, इंजिनियर समजतो, मास्तर समजतो, आखातात जाऊन फोरमन झालेला समजतो. ज्या पदवीला एका शब्दाचे नाव नाही, ती पदवी मात्र समजत नाही. म्हणून आज आपण या पदवीचा हिशेब मांडू. तिची तारीफ करण्यासाठी मी आलेलो नाही आणि तिची भीती घालण्यासाठीही नाही.

प्रथम ही पदवी आली कोठून ते पाहू. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत सुरू झाली. म्हणजे ही गोष्ट आता मुंबई-पुण्याच्या बड्या घरांपुरती राहिलेली नसून तालुक्याच्या कॉलेजातही पोहोचली आहे.

या आराखड्यात अभ्यास श्रेयांकांनी मोजला जातो. पंधरा तासांच्या व्याख्यानांचा साधारण एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. तीन वर्षांच्या १२० पैकी निदान ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे असावेत अशी आखणी आहे. बाकीचे श्रेयांक दुसऱ्या शाखांचे विषय, भाषा, कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत वाटलेले असतात. यातच पदवीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात कोणताही एक विषय मुख्य नसतो, तीन-चार विषयांत अभ्यास वाटून दिलेला असतो. आपण सोयीसाठी या सर्वांना मिश्र पदवी म्हणू. मात्र हे दोन प्रकार वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. पाठीचा कणा असलेले मिश्रण आणि कणा नसलेले मिश्रण यांची बाजारातील किंमत एक नसते.

मंडळी, अनेक विषय एकत्र शिकणे ही काही नवलाची गोष्ट नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील चार वर्षांच्या पदवीत जीवशास्त्र आहे, पाण्याचे रसायन आहे, मासळी टिकवण्याचे तंत्र आहे, बोटी आणि जाळी यांचे ज्ञान आहे, अर्थशास्त्रही आहे. शेतकी पदवीचेही तसेच आहे. समाजकार्याच्या पदवीत कायदा, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकवले जाते. मुंबईची टाटा संस्था हे काम १९३६ पासून करीत आहे. या साऱ्या मिश्र पदव्याच आहेत. पण तेथे ‘होणार कोण’ असे कोणी विचारीत नाही, कारण ते विषय एका कामाभोवती गुंफलेले आहेत. मिश्र पदवीची किंमत विषयांच्या संख्येवरून ठरत नाही. ते विषय कोणत्या कामासाठी एकत्र आणले आहेत, यावरून ती ठरते. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचा सारांश एवढाच आहे.

याचे एक उदाहरण आपल्या कोकणकिनाऱ्याशी जोडलेले आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९१७ साली ब्रह्मदेशातून मुंबईला परतले. त्यानंतर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र यांचा अभ्यास केला आणि त्याच काळात फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे धडे घेतले. एकीकडे जमाखर्च आणि दुसरीकडे प्राणी. पुढे त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा जो अभ्यास केला तो जगभर नावाजला गेला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. हा झाला कथेचा उजळ भाग. दुसरा भाग आपण सांगत नाही. त्यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती आणि तेवढ्याच कारणाने प्राणिविज्ञान सर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. ज्ञान होते, कागद नव्हता, दरवाजा बंद झाला. तेव्हा मुलांनो, अनेक विषयांचे ज्ञान माणसाला मोठे करते हे खरे, आणि नोकरी देणारा प्रथम कागद पाहतो हेही तितकेच खरे. ही दोन सत्ये एकाच वेळी सांभाळायची आहेत.

आता हिशेबाकडे येऊ. पालकांची खर्च मोजण्याची रीत अशी की फी किती, पुस्तके किती, एस.टी.चा पास किती. यात सर्वात मोठी रक्कम राहून जाते. मुलगा शिकत असताना जी कमाई करीत नाही, तीही खर्चातच धरली पाहिजे. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे त्या जागी घालावेत. समजा बारावी झालेला मुलगा दुकानात राहिला तर महिना १२,००० रुपये मिळवील. वर्षाचे झाले १,४४,०००. जवळच्या कॉलेजात घरून जाऊन-येऊन त्याच्या शिक्षणाला वर्षाला २५,००० लागतात. तीन वर्षांची फी वगैरे ७५,००० आणि बुडालेली कमाई ४,३२,०००. म्हणजे ज्याला आपण ‘जवळजवळ फुकट’ म्हणतो ते शिक्षण घराला पाच लाख सात हजारांना पडते. पदवीनंतर त्याला १२,००० ऐवजी १८,००० मिळाले, तर वर्षाला ७२,००० जास्त आले. सुमारे सात वर्षांत खर्च भरून निघाला आणि पुढची तीस वर्षे नफ्याची. हा सौदा वाईट नाही. पण पदवी घेऊनही तो त्याच दुकानात १२,००० वरच बसला, तर सौदा बुडाला.

ही भीती पोकळ नाही. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील एकूण बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते, पण पदवीधरांमध्ये ते १३ टक्क्यांच्या वर होते. यात पदवीचा दोष आहेच, पण पदवीधर मिळेल ते काम न पत्करता वाट पाहत राहतो, हेही एक कारण आहे. कसेही असले तरी नुसते पदवीधर होणे आता पुरेसे नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

आता दुसरे टोक पाहू. काही खासगी विद्यापीठांत हीच मिश्र पदवी अत्यंत सुंदर इमारतीत, उत्तम ग्रंथालयासह मिळते आणि चार वर्षांचा खर्च वीस-तीस लाखांच्या पुढे जातो. तेथील शिक्षण पुष्कळदा चांगले असते, हे मान्य केले पाहिजे. गरजू विद्यार्थ्यांना फीमध्ये सूटही मिळते, ती मिळत असेल तर जरूर अर्ज करावा. पण सूट न मिळता कर्ज काढायचे ठरले तर काय होते? वीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६,४०० रुपये, आणि शिकत असताना साचलेले व्याज वेगळे. पहिली नोकरी ३५,००० ची लागली तर हातात उरले साडेआठ हजार. मुंबईत तेवढ्यात खोलीचे भाडेही भागणार नाही. मग घरचा दागिना जातो, नाहीतर बहिणीचे शिक्षण थांबते. ज्या घरांत व्याजाचा व्यवहार वर्ज्य मानला जातो, तेथे तर हा रस्ताच बंद आहे. माझी सूचना अशी की हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होत असेल तर ते कर्ज काढू नये, मग कॉलेजचे नाव कितीही मोठे असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण न ठेवता कर्ज मिळण्याची सोय आहे आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्याजात तीन टक्के सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे की नाही हे प्रवेशाआधी पाहून घ्यावे.

चौथे वर्ष करावे की न करावे, हा प्रश्नही पालक विचारतात. याचे उत्तर पुढच्या बेतावर अवलंबून आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ते एका वर्षात करता येईल असे आयोगाने २०२४ मध्ये ठरवून दिले. दोन्हीकडे बेरीज पाचच. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याचे चौथे वर्ष वाया जात नाही, मात्र ज्या विद्यापीठात जायचे तेथे तो एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू आहे ना, एवढी चौकशी करावी. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण मिळाले तर थेट पीएच.डी.साठीही पात्र होता येते. परदेशातील अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, त्यांच्यासाठीही चौथे वर्ष उपयोगी. पण ज्याला तीन वर्षांनंतर स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा घराला हातभार लावायचा आहे, त्याने केवळ ‘ऑनर्स’ या शब्दासाठी वर्षाची कमाई खर्ची घालू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक घराने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, कणा कोणता? गुणपत्रिकेवर एक तरी विषय असा हवा की ज्यात मुलाने निम्मी मेहनत केली आहे. अर्थशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र, भूगोलाच्या जोडीला संगणकावरील नकाशाशास्त्र, वाणिज्याच्या जोडीला कायद्याचे विषय, उर्दू-मराठीच्या जोडीला भाषांतर व संगणक, या जोड्यांना काम आहे. थोडे हे आणि थोडे ते, असे चार कोपरे चाटून आलेल्याला काम मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न, या पदवीने कोणते दरवाजे उघडतात आणि कोणते बंद राहतात? केंद्रीय व राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य स्पर्धा परीक्षा, बँकांच्या परीक्षा, व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, येथे कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. मिश्र पदवीवाला येथे कोणाहून कमी नाही. पण बी.एड. करून शिक्षक व्हायचे तर शाळेत शिकवायचा विषय पदवीला घेतलेला असावा लागतो. एम.एस्सी.ला त्या-त्या विषयाची अट असते. आखातात पदवीचे साक्षांकन करून घ्यावे लागते आणि तेथे कागदावर विषयाचे नाव वाचले जाते. आपल्या समाजात मुली मोठ्या संख्येने शिक्षिका होऊ पाहतात. त्यांनी विषय निवडताना ही गोष्ट पहिल्या वर्षीच पाहावी, तिसऱ्या वर्षी नव्हे.

तिसरा प्रश्न, हातात हुनर कोणता आला? नव्या आराखड्यात कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. पुष्कळ ठिकाणी हे कागदोपत्री उरकले जाते. ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणून जमा केले की झाले! मित्रहो, यात फसवणूक कॉलेजची होत नाही, तुमचीच होते. मिश्र पदवीवाल्याला मुलाखतीत ‘तुम्हाला काय येते’ हाच प्रश्न सर्वात आधी विचारला जाणार. मासळीच्या निर्यात कारखान्यात दोन महिने हिशेब लिहिलेला, सहकारी पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासलेला, ग्रामपंचायतीची पाणीपट्टी संगणकावर चढवलेला विद्यार्थी या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल.

चौथा प्रश्न, या वाटेने आधी गेलेले कोठे आहेत? कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. तेथून पास झालेली तीन मुले शोधा, त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि स्पष्ट विचारा की आज काय करता आणि काय मिळते. लग्न ठरवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो, पाच लाखांच्या शिक्षणाची एक चौकशी करीत नाही.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, ज्याची मला खरी काळजी वाटते. या नव्या पद्धतीत मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि एक छोटा कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा केला की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि सात वर्षांच्या आत शिक्षण पूर्ण करावे, अशी तरतूद २०२२ च्या आराखड्यात आहे. श्रेयांक त्याच्या नावावर श्रेयांक पेढीत जमा राहतात. ज्याच्यावर खरोखर संकट कोसळले, त्याला ही मोठी सवलत आहे, कारण पूर्वी त्याची दोन वर्षे पाण्यात जात. परंतु आपल्या घरांत या दरवाजाचा उपयोग कसा होईल? मुलाला आखाताचा व्हिसा आला, मुलीला स्थळ आले, की आपण म्हणणार, “प्रमाणपत्र तर मिळालेच आहे, आता बस झाले.” परत येणाऱ्यासाठी ठेवलेला दरवाजा आपल्याकडे निघून जाण्याचा दरवाजा होईल. आणि एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात पदवीचा भाव मिळणार नाही, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तर ते पदवी म्हणून चालणारच नाही.

आपली स्थिती आठवा. २००६ साली सच्चर समितीने सांगितले की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर पन्नासांत एक मुस्लिम असतो. २०११ च्या जनगणनेत आपण लोकसंख्येच्या १४.२ टक्के होतो, पण २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातील आपला वाटा ४.६ टक्केच भरला. त्यात २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजसवलतीची ‘पढो परदेस’ योजनाही बंद झाली. अशा समाजाला कॉलेजात येणारे प्रत्येक मूल शेवटपर्यंत टिकवणे भाग आहे.

मुलींविषयी दोन शब्द स्पष्ट बोलतो. मुलासाठी कर्ज काढून इंजिनियरिंग आणि मुलीसाठी ‘काहीतरी पदवी’, अशी वाटणी आपल्याकडे चालते. मुलीची बुडालेली कमाई आपण शून्य धरतो, म्हणून तिची पदवी स्वस्त वाटते, आणि स्वस्त वस्तूची निवड कोणी काळजीने करीत नाही. तिला कणा नसलेले विषय मिळतात ते यामुळेच. उद्या घरावर वेळ आली तर कमावणारी तीच असेल. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि आर्थिक दुर्बल, सामाजिक मागास किंवा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे या अटीत बसतात. तेव्हा मुलगी हुशार असेल तर मिश्र पदवी हा तिच्यासाठी पहिला आणि एकमेव पर्याय समजू नका. व्यावसायिक शिक्षणाची चौकशी करा आणि तुलना करूनच ठरवा.

शेवटी संस्थेच्या कार्यकर्त्यांना माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक साधी वही ठेवा. कोणी कोणते विषय घेतले, आज काय काम करतो, सुरुवातीला काय मिळाले. दहा वर्षांनी ती वही आपल्या पालकांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. दुसरी, शिष्यवृत्ती देताना केवळ पहिल्या वर्षाचा विचार करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जो विद्यार्थी पैशाअभावी बाहेर पडू पाहतो, त्याच्यासाठी बिनव्याजी रकमेचा एक छोटा निधी राखून ठेवा. वीस-पंचवीस हजारांसाठी पाच लाखांची गुंतवणूक बुडू देणे शहाणपणाचे नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वडिलांनी ‘तू होणार कोण’ असे विचारले तर रागावू नका. तो प्रश्न आयुष्यभर पैशाची ओढाताण सोसलेल्या माणसाचा आहे. त्याला उत्तर द्या. माझा मुख्य विषय हा, जोडीचा विषय तो, त्यातून हे काम करता येते, खर्च इतका आहे आणि तो इतक्या वर्षांत भरून निघेल, असे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. तो कागद तुम्हाला लिहिता आला तर खुशाल अनेक विषय घ्या, आणि लिहिता आला नाही तर प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या गुरुजनांकडे जाऊन बसा.